डोहगावचे आठल्ये सर

सोमवार, २० जानेवारी. नारायण पेठ

शुभंकर येऊन गेला. वय चौतीस, धंदा प्रकाशनाचा, आणि दारात पाऊल टाकायच्या आत ‘काकू’ म्हणायची घाई. गावांवरच्या पुस्तकांची एक मालिका काढतो. त्यातलं सातवं, ‘तळ्याकाठचं डोहगाव’, चौसष्ट पानं, अनंतने कबूल केलं होतं. अनंत ऑगस्टमध्ये गेला. पुस्तक राहिलं.

“काकांची अकरा पानं झालीयेत, काकू. बाकीचं तुम्ही पूर्ण करा ना. तुमच्याइतकं शुद्ध कोण लिहिणार?”

शुद्ध लिहिणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, हे या मुलाला कुणी सांगितलेलं नाही. मी एकतीस वर्षं शनिवार पेठेतल्या छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा आधी माझा व्यवसाय होता, मग स्वभाव झाला, असं ऋचा म्हणते. ऋचा माझी मुलगी. बाणेरला राहते आणि माझ्या स्वभावावर तिथूनच लक्ष ठेवते.

अकरा पानं वाचली. पाणी सकाळी कसं दिसतं, दुपारी कसं दिसतं, वारा सुटल्यावर कसं दिसतं. लोकसंख्या नाही, क्षेत्रफळ नाही, इतिहास तर नावालाही नाही. शुद्धलेखनाची चूक मात्र एकही नाही. शोधूनही सापडली नाही, याचा थोडा राग आला. शेवटच्या तीन पानांवर वाक्यं अर्धीच सोडलेली. ‘संध्याकाळी पलीकडच्या काठावरून...’ आणि पुढे काहीच नाही. मी लाल पेनाने पूर्ण केली. सोपी होती.

अनंत अडखळत बोलायचा. लहानपणापासून. वाक्याच्या तोंडाशीच गाडी अडायची, मग मी ते पूर्ण करायचे. छत्तीस वर्षांत माझा अंदाज फारसा चुकला नाही. यालाच संसार म्हणत असावेत.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो महिन्यातून दोनदा या डोहगावला जायचा, तीन-तीन दिवस राहायचा. ‘पक्षी’ म्हणायचा. मी खोलात शिरले नाही. अनंतच्या बाबतीत खोलात शिरायचं म्हणजे अर्धा दिवस मोकळा हवा.

शुभंकरला हो म्हणाले. दोन आठवडे जाईन, आकडे गोळा करीन, चौसष्ट पानं भरीन. गावं काय, सगळी सारखीच असतात.

बुधवार, २२ जानेवारी. डोहगाव

लोणी काळभोर गेलं तरी पुणं संपत नाही, आणि नंतर ऊस सुरू झाला की तोही संपत नाही. एसटीत साडेतीन तास. स्टँडवर पाटी: ‘डोहगाव आपले हार्दीक स्वागत करित आहे.’ सहा शब्दांत दोन चुका. शेजारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक, त्यावर अकरा चेहरे, अकराही गॉगल लावलेले. वाढदिवस कोणाचा ते कळायला मार्ग नाही.

शुभंकर ज्याला तळं म्हणतो तो धरणाचा फुगवटा आहे. जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं वर येऊन बसलं आणि बसल्या जागी सिमेंटची घरं वाढवत राहिलं. भोई लोक मासे धरतात, बाकीचे ऊस लावतात, उरलेले स्टँडवर उभे असतात.

राहायला मुक्ताईच्या खानावळीवरची एक खोली. अनंत इथेच राहायचा. मुक्ताई पंचावन्नच्या आसपासची, नवरा गेलेला, हाताला सतत काम आणि तोंडाला फारसं नाही. मी म्हणाले, “मासे मी खात नाही.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “वांगं बी चालत न्हाई तुम्हाला.”

हिला कुणी सांगितलं? बहुतेक पुण्याच्या माणसांबद्दल यांच्या काही ठाम समजुती असाव्यात.

आंघोळीला एक बादली. नळाला एक दिवसाआड पाणी येतं म्हणे. मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोर नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. “आणि ते?”

“ते तुमच्या पुण्यावरनं येतंय,” मुक्ताई म्हणाली. “त्यात आंघूळ करायची आसंल तर करा.”

उर्मट बाई आहे. पण वाक्य नीट बांधलेलं होतं.

गुरुवार, २३ जानेवारी

सकाळी धक्क्यावर मासळीचा लिलाव पाहिला. पुस्तकात हे हवंच, म्हणून. ओल्या फरशीवर थर्माकोलच्या पेट्या, पेट्यांत चिलापी, कटला, एखादी मरळ अजून शेपूट आपटणारी. लिलाव पुकारणारा साईनाथ म्हणून एक आडवा माणूस, त्याचा आवाज कानांत सळई घातल्यासारखा. कोण काय बोलतं, कोण घेतं, काही समजत नाही. पाच मिनिटांत पेटी या बाजूची त्या बाजूला गेलेली असते. यालाच इथे व्यवहार म्हणतात.

एकाने दुसऱ्याच्या पेटीकडे नाक मुरडून आरोळी दिली, “पेटी चांगली आहे, उघडू नका!” आणि सगळा धक्का हसला. विनोदाची पातळी ही.

शेवटी मी साईनाथला म्हणाले, “अहो, मेलेत ते मासे. त्यांना ऐकू जायचं नाही. मग ओरडता कोणासाठी?”

आणि जे हशाचं मोहोळ उठलं ते बसेना. एक कोळीण दुसरीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. “त्याच! त्याच हैत!” असं काहीतरी म्हणाली. साईनाथने चक्क हात जोडले. मी काय विदूषक आहे? कोरड्या तोंडाने अपमान करावा आणि समोरच्याने टाळी द्यावी, असं गाव मी पहिल्यांदा पाहते आहे.

आकडे: लोकसंख्या नऊ हजार चारशे. होड्या दोनशेच्या वर. वाचनालय एक, कुलूपबंद. किल्ली कोणाकडे, यावर दोन मतं.

शनिवार, २५ जानेवारी

आज पुण्याहून रोहित पक्षी बघायला गाड्या आल्या. हातभर लांबीच्या दुर्बिणी, त्याहून लांब कॅमेरे. आल्या आल्या सगळ्यांनी आधी स्वतःचे फोटो काढले. पक्षी लांब एका पायावर उभे राहून यांच्याकडे पाहत होते. दोघांत शहाणं कोण याविषयी माझं मत झालं आहे.

मी त्या गाड्यांतली नव्हेच हे दाखवायला माणसांच्या होडीत बसले. पलीकडच्या काठावरच्या वस्त्यांवर जायला ही इंजिनाची होडी आहे; दूध, पोरं, पिशव्या, म्हाताऱ्या, सगळं तिच्यातून जातं. चालवणारा दत्तोबा. पासष्टीचा, पांढऱ्या मिशा, अंगावर मांस बेताचं. मी चढताना त्याने हात पुढे केला. “या. सरांच्या मंडळी ना? सरांच्या जागेवरच बसा.”

“कोण सर?”

“आठल्ये सर. आता होडी लई गप झाली बगा. सर लई बोलायचे.”

“आठल्ये सर बोलायचे?” मी म्हणाले. “तुमची गल्लत होतेय. दुसरे कोणी असतील.”

“उंच. चष्म्याला दोरी. पेरू मिठाबिगर खायाचे.”

वर्णन बरोबर. तरी माणूस चुकीचा. मी पाहिल्यापासून अनंतने आठ शब्दांपुढचं वाक्य स्वतः संपवलेलं नाही. दत्तोबाला तसं सांगितलं. तो हसला आणि इंजिनाला दोरी मारली. इथल्या लोकांशी वाद घालण्यात अर्थ नाही. वीस मिनिटांत पलीकडे पोचलो. पलीकडेही ऊसच आहे.

रविवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. पाहुण्यांची चार भाषणं, चारही एकच. नंतर नम्रता नावाची तरुण शिक्षिका मागे मागे आली. ही विदर्भातली, इथे नोकरीला आली आणि राहिली. बोलते बरी, क्रियापदं जागेवर ठेवते.

“काकू, मागच्या वर्षी सर बोलले होते मुलांसमोर. वीस मिनिटं. पाणपक्ष्यांवर.”

“वीस मिनिटांत किती शब्द झाले?”

मी कुजकट विचारलं होतं. तिने गंभीरपणे घेतलं. “मुलांनी मोजले ना. सर अडकले की मुलं बोटं मोजायची, शब्द किती बोटांत येतो ते. सरांनीच शिकवला खेळ. ‘टिबुकली’ला सोळा बोटं लागली होती. मुलांनी काय टाळ्या वाजवल्या!”

“आणि हे तुम्हाला बरं वाटलं? एका आजारी माणसाची थट्टा?”

“सर आजारी कुठे होते?” ती म्हणाली.

मास्तरणींना हल्ली काही शिकवत नाहीत. मी खोलीवर आले.

सोमवार, २७ जानेवारी

आता स्पष्टच लिहिते. ही वही माझी आहे.

खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा आज उघडला. आत अनंतच्या कोल्हापुरी चपला. घरी तो रबरी चपला घालायचा, मी आणलेल्या. एक निळा सदरा, मी कधी न पाहिलेला, धुऊन, इस्त्री करून घडी घातलेला. सदरा मुक्ताईनेच धुतलेला, हे सांगायला ज्योतिषी नको. माझं वांगं तिला ठाऊक. माझे मासे तिला ठाऊक. पाच महिने झाले माणूस जाऊन, आणि सदऱ्याची घडी मोडलेली नाही.

म्हणजे पक्षी नव्हते. मी मूर्ख. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातलं एकेक अक्षर तपासलं आणि घरच्या मजकुराकडे पाहिलं नाही.

ऋचाला फोन केला. “तुझे बाबा इथे कशासाठी येत होते, तुला माहीत होतं?”

ती म्हणाली, “आई, तू बाबांना कधी... जाऊ दे.”

“वाक्य पूर्ण कर.”

“मला सवय नाही गं. आपल्या घरात वाक्यं तू पूर्ण करतेस.”

फोन ठेवला. इथे नेटवर्क चांगलं नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

मुक्ताई मागच्या अंगणात मासे खवलत बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. आडपडदा ठेवायचं वय राहिलेलं नाही.

“माझा नवरा इथे का यायचा?”

तिने हातातला मासा उलटा केला. “तुम्हाला काय वाटतंय?”

“मला काय वाटतं ते सोडा. मी विचारते आहे.”

तिने विळी बाजूला सरकवली, हात धुतले, पदराला पुसले. माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो मला अपेक्षित होता तसला नव्हता. “बाई, माझ्या नवऱ्याला ह्याच पाण्यानं नेला, त्याला बारा वर्सं झाली. त्यानंतर ह्या घरात बाप्या मानूस म्हणून कुनी जेवून गेलं की धा तोंडं बोलत्यात. तुमी अकरावं होऊ नका. सर बोलायला यायचे.”

“कोणाशी? तुमच्याशी?”

“माझ्याशी, दत्तोबाशी, मान्साशी. मला तरी कुठं फुरसत? मी भाकऱ्या थापत ऐकायची.”

“आणि इथे आल्यावर अडखळायचे नाहीत, असं म्हणायचंय तुम्हाला? पाण्याचा गुण?”

“आडखळायचे की. लई आडखळायचे.”

“मग?”

“मग काय? थांबायचं.” तिला प्रश्नच समजला नव्हता. “दत्तोबा तर इंजान बंद करायचा. आवाजात सरांचा सबुद दबाया नको म्हणून. होडी मधीच उभी. सबुद आला की पुन्यांदा दोरी मारायचा.”

“आणि होडीतली माणसं?”

“बसायची की. मानसं कुठं पळून जात्यात पान्यातनं?”

म्हणजे दूध नासतंय, शाळा भरतेय, कोणाचा दवाखाना, कोणाचं तहसील. आणि हे लोक भर पाण्यात एका माणसाच्या तोंडाकडे बघत बसायचे. वेळ म्हणजे काय हे या गावाला कुणी शिकवलेलं दिसत नाही. पुस्तकात लिहीन.

जेवले नाही. भाकरी कडक होती.

बुधवार, २९ जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही. दिवसभर खिडकीत बसले. पाणी सकाळी जस्तासारखं होतं, दुपारी नुसता चकचकाट, वारा सुटल्यावर कुणी उलट्या हाताने कुरवाळल्यासारखं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

नम्रता आली. बरोबर वाचनालयाची किल्ली. ती तिच्याचकडे होती. दोन मतं पडणाऱ्यांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

आत तीन कपाटं, वाळवीने दोन वाचलेली. मी म्हणाले, “गावात वाचणारं कुणी आहे म्हणायचं.” नम्रता इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. आता मात्र माझा तोल गेला. “हे काय चाललंय? आल्यापासून पाहते आहे. मी तोंड उघडलं की सगळं गाव दात काढतं.”

ती घाबरली. “काकू, रागावू नका. आम्ही तुम्हाला ओळखतो ना... म्हणजे, सर तुमचे किस्से सांगायचे. सगळे.”

“माझे?”

“शेजारचे काका पेटी शिकायला लागले, आणि नवीन पेटी तुम्हाला दाखवायला घेऊन आले. तुम्ही म्हणालात, ‘पेटी चांगली आहे, उघडू नका.’”

मी म्हणाले होते. एकोणीसशे शहाण्णव साली. मीच विसरले होते. धक्क्यावर परवा माझ्या कानांवरून गेलं आणि मी त्याला हलक्या दर्जाचं म्हणाले.

“साईनाथभाऊ रोज म्हणतो ते. मासे जरा शिळे दिसले की. आणि सरांचे मावसभाऊ उठता उठत नव्हते, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘निघतो म्हणून तुम्हाला अर्धा तास झाला. आता निघा, म्हणजे पुन्हा या म्हणायची माझीही सोय होईल.’ आमच्या मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं की मुलं मागे हेच कुजबुजतात.” मग हसू आवरून ती म्हणाली, “सर म्हणायचे, ‘आमच्या घरात एक बाई आहे. तिच्यासारखं वाक्य पुण्यात कुणी करत नाही. मी आपला नुसता पोस्टमन.’”

पोस्टमन! ज्या घरचं पत्र त्या घरी एकदाही न टाकणारा. माझं स्वयंपाकघरातलं बोलणं इथे चिलापीच्या भावात चाललंय, आणि घरी मी बोलले की हा खाली मान घालून आमटी भुरकायचा. मला वाटायचं, लागलं असेल. लागावं म्हणूनच बोलायचे कधी कधी. आणि हा मनात पाठ करत बसलेला, पुढच्या होडीसाठी!

मी नम्रताला म्हणाले, “घरी कधी हसला नाही तो.”

“तुम्ही थांबत नसाल,” ती म्हणाली. “त्यांचं हसणंही उशिरा यायचं.”

हिला कुणीतरी सांगायला हवं की मोठ्यांशी असं बोलत नाहीत. मी सांगितलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी. नारायण पेठ

रविवारचं आज लिहिते आहे. रविवारी लिहिता आलं नाही, सोमवारी एसटीत होते, आणि काल शुभंकरने डोकं खाल्लं.

आधी त्याचं. त्याला सांगितलं की पुस्तक फेब्रुवारीत होणार नाही. लोकसंख्या, होड्या, चिलापी हे मी दहा पानांत देईन; अनंतची अकरा पानं त्याने सोडली तशीच छापायची, अर्धी वाक्यं अर्धीच; आणि उरलेल्या पानांत अनंतने होडीत सांगितलेलं, होडीतल्या माणसांना आठवतं तसं. त्यासाठी मी पंधरा तारखेला पुन्हा जाणार आहे. शुभंकर म्हणाला, “काकू, एकदम इमोशनल! पण पूर्ण वाक्यं असती तर...” मी म्हणाले, “तुमचं वय काय? चौतीस ना? मग तुम्हाला वेळ आहे.” तो हसला नाही. पुण्यात कुणी हसत नाही.

आता रविवार.

निघायच्या आदल्या दिवशी पलीकडच्या काठावर सहज जाऊन यावं म्हणून होडीत बसले. सहज नव्हतं, पण असो. होडीत आठ-नऊ माणसं. दुधाचे कॅन घेऊन दोघे, टोपलीवाली एक म्हातारी, साईनाथ, मुक्ताई बाजाराच्या पिशव्या घेऊन. मध्यावर आलो तसा दत्तोबा म्हणाला, “बाई, सरांची एक गोष्ट ऱ्हायलीय. शेवट तुमच्याकडं हाय म्हनायचे.”

“कोणती?”

“तुम्हाला बगायला आल्ते ती.”

सगळे माझ्याकडे वळले. सगळ्यांना पाठ होती. दत्तोबाने तरी पहिल्यापासून सांगितली, मला माहीत नसावी अशी. सर बघायला आले, बरोबर थोरले भाऊ. सरांच्या वाटचं सगळं थोरल्यांनीच बोलायचं, म्हणजे मुलीकडच्यांना काही कळायचं नाही, असं घरून ठरवून आलेले. सरांना ते पटेना. फसवणूक वाटे. म्हणून बाईंना काही विचारायचंय का असं कुणी सरांना म्हणालं तेव्हा त्यांनी सगळा जीव गोळा केला आणि सुरुवात केली, ‘मला एक अ... अड...’

“आन तुमी म्हनला,” टोपलीवाली म्हातारी मधेच म्हणाली, “‘आजून एक कप च्या? आनते.’”

होडी हसली. साईनाथ मांडीवर थापा मारत होता.

“सरांना च्या सोसत नव्हता,” मुक्ताई म्हणाली.

“तरी पेले,” दत्तोबा म्हणाला. “सरांना म्हनायचं हुतं, ‘मला एक अडचन हाय. मी अडखळतो. माझं बोलनं होईस्तोवर तुमी थांबाल का?’ ते ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. आमी इचारलं, मग फुडं? तर सर म्हनले, फुडचं तिलाच ठाव. तिला कळलं हुतं का नव्हतं, हे मला छत्तीस वर्सांत कळलं न्हाई.”

त्याने इंजिन बंद केलं.

मला ती शांतता आवडली नाही. पाणी होडीच्या बुडाला लागून चुळचुळ करत होतं आणि नऊ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणायला माझ्याकडे दोन वाक्यं तयार होती, दोन्ही चांगली होती, होडी पुन्हा हसली असती. मी तोंड उघडलं आणि निघालं ते असं: “कळलं होतं.”

म्हातारीने टोपली मांडीवरून खाली ठेवली.

मग सांगितलं. माझे वडील समोर बसलेले. माणसांतलं न्यून शोधण्यात ते माझे गुरू. आधीची दोन स्थळं त्यांनीच परत पाठवली होती, एक तिरळं बघतो म्हणून, एक चहाचा आवाज करतो म्हणून. ‘अड’ ऐकलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. ते वाक्य पुरं झालं असतं तर वडील तिथेच ‘कळवतो’ म्हणाले असते. म्हणून चहा. ओठांवर पहिला आला तो शब्द.

“पन तुम्हाला का पायजे हुते सर?” मुक्ताईने विचारलं. “बोलता येत न्हाई ते कळलं हुतं तरी?”

आमच्या दिवाणखान्यात एका दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यावर ‘शूभ लाभ’ छापलेलं, शू दीर्घ. तीन महिने ते तिथे होतं; घरात माझ्याशिवाय कुणाला खुपलं नव्हतं. सगळे बोलत होते तेव्हा हा माणूस त्याच्याकडे पाहत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, मी कुठे पाहते आहे ते पाहिलं, आणि हसला. बास. एवढंच. एवढ्यावर लग्न केलं मी.

हे होडीतल्यांना कितपत कळलं कोण जाणे. ऱ्हस्व-दीर्घाचं त्यांना काय. पण म्हातारीने मान हलवली.

“मग लग्न झाल्यावर सरांना सांगितलं का न्हाई?” ती म्हणाली. “का च्या आनला त्ये.”

“नाही.”

“का वो?”

“आधी लाज वाटली. मग राहून गेलं. आणि मग...” मी थांबले. म्हणजे, मी थांबले नाही. पुढचं आलं नाही. घरी वडील समोर नव्हते. घरी कुणी ‘कळवतो’ म्हणणार नव्हतं. तिथे मी त्याला का थांबवत होते, रोज, छत्तीस वर्षं, सकाळच्या दुधापासून? हे मला सांगायचं होतं आणि त्यातलं पहिलं अक्षर सापडत नव्हतं. छापखान्यात माझ्या हाताखालून लाखो वाक्यं गेली असतील.

शेवटी मी दत्तोबावर खेकसले, “काय बघताय? माणसांना पलीकडे जायचंय ना?”

एरवी होडी हसली असती. कुणी हसलं नाही. साईनाथ, ज्याचा आवाज अख्ख्या धक्क्याला पुरतो, तो खाली बघत दुधाच्या कॅनचं झाकण घट्ट करत होता. ते आधीच घट्ट होतं.

“जायचंय की,” दत्तोबा म्हणाला. दोरीला त्याने हात लावला नाही. “तुमचं झालं न्हाई आजून. घ्या दमानं.”

झालं नव्हतं, हे खरं होतं. पलीकडे पोचायला त्या दिवशी सव्वा तास लागला.